घारीची वही

९ फेब्रुवारी

भिंगरे,

ओळखलंस का? मी तुझी आजी. उंचीने कमी, जिभेने लांब. आठवण बुजली असेल तर तुझ्या कामाच्या टेबलावरची फळी बघ, माझ्या तोंडाचा प्लास्टरचा साचा तिथे ठेवलायस म्हणे. तू करून दिलेली कवळी अजून चावते आहे, म्हणजे कवळीच्या आत कुणीतरी जिवंत असणार, एवढा तर्क तुला करता यायला हवा. सात आठवडे झाले, तुझा कागद नाही. फोन करतेस, नाही असं नाही. पण फोनवर मी बोलते आणि तू 'हं, हं' करत कुणाचे तरी दात घासत असतेस. कागदावर नुसतं 'हं' लिहून पाठवायची लाज वाटते माणसाला, म्हणून मला कागद हवा.

नेहमीप्रमाणे तुझी आई लिहिते आहे. मी सांगेन तसंच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, असा आमचा करार आहे. (मी कुठे घालते? – आई) बघितलंस!

आता बातमी. तुझ्या बाबाला डिसेंबरात कंपनीच्या डॉक्टरने अडवलं होतं ते तुला माहीत आहे. बंदरावरच्या त्या उंच क्रेनवर बसायचं तर बीपी ताब्यात हवं. वर याला काही झालं तर खाली माणसं असतात. डॉक्टर म्हणाला, गोळ्या सुरू करा, महिनाभर सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजा, वहीत लिहून आणा. आकडे बरे असले तर वर जा, नाहीतर गोदामात बसा. गोदाम म्हटल्यावर याचा चेहरा असा पडला की जणू जिवंतपणी पुरायला निघालेत. बावीस वर्षं सगळं बंदर ज्याला घार म्हणतं, त्याने खाली बसून खिळे मोजायचे!

तर महिना पुरा झाला, तू पाठवलेल्या मशीनने काम चोख केलं, वही भरली. डॉक्टरने शाबासकी दिली. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही बघितली आणि म्हणाल्या, छान, गोळ्या आहेत तेवढ्याच ठेवू. परवा घार पुन्हा शिडी चढली. वही कंपनीने ठेवून घेतली, पण त्याआधी तुझ्या आईने सगळे आकडे तुझ्यासाठी उतरवले, ते सोबत आहेत. मला त्यातलं काही कळत नाही, मला ते मुंग्यांसारखे दिसतात.

मोजताना बोलायचं नाही असं मशीनच्या कागदावर लिहिलंय, म्हणून तो मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. आत फक्त मला प्रवेश. आकडे वाचता येत नाहीत म्हणजे चोंबडेपणाही करता येत नाही, असा माझा मान. तुझी आई आत्ता विचारते आहे, मग आत तुमचं काम काय होतं? लिही गं: सोबतीला.

आजी

२१ फेब्रुवारी

आजी,

चिमटा पोहोचला, दंड लाल झाला. सात नाही, पाच आठवडे झाले होते. तुला वाचता येत नाही पण वाढवता चांगलं येतं. साचा फळीवरच आहे. नवीन आलेल्या मुली विचारतात हे कुणाचं तोंड, मी सांगते, आमच्या घरचं सरकार.

काम खूप आहे. काल एका म्हाताऱ्याची कवळी परत आली. दात फार सरळ झालेत, बायको ओळखत नाही म्हणाला. मग मुद्दाम एक दात वाकडा बसवून दिला.

आईने उतरवलेली पानं मी दोनदा वाचली. वरचा आकडा १३० च्या पुढे एकदाही नाही! मी भिंतीवर चिकटवून ठेवलीयत. एवढी चांगली बातमी मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. खरं सांगू, डिसेंबरपासून मी मनातल्या मनात बॅग भरत होते. बाबा खाली बसले तर चिडचिड करणार, आई दमणार, मला परत यावं लागणार, असं सगळं रचून झालं होतं. आता बॅग उघडली.

एकच गंमत वाटली. शेवटच्या रकान्यात नाडी. ५८, ५७, ५८. बाबांची? त्यांना ताप आला होता तेव्हा मी मनगट धरून बसले होते, नव्वदच्या खाली यायला तयार नव्हती. की तुम्ही पट्टा टेबलाच्या पायाला बांधलात? असो, गोळ्यांनी होत असेल.

बाबांना सांग, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच ते लबाड असतं.

भिंगरी

४ मार्च

भिंगरे,

टेबलाच्या पायाची नाडी ५८ असेल तर ते टेबल डॉक्टरला दाखव.

तापातली नाडी आणि घरातली नाडी एक कशी असेल? शिवाय तो माझ्याशेजारी बसायचा. लेकरू कितीही म्हातारं झालं तरी आईजवळ शांत होतं. तुला मूल होईल तेव्हा कळेल, आणि तुझा वेग बघता तेव्हा मी असेन असं वाटत नाही. आकड्यांत किती डोकं घालशील? भिंतीवरची पानं काढ, भिंती खराब होतात.

तो मजेत आहे. परवा वरून त्याने एका बोटीतून पियानो उतरवला. पियानो हवेत असताना खाली सगळे टोप्या काढून उभे राहिले म्हणे. घरी आल्यावर लहान पोरासारखं मला सगळं साग्रसंगीत सांगितलं, हातवारे करून. त्याला असं बघितलं की मला माझं शहाणपण पटतं.

(गोळ्यांची पाकिटं संपायला हवीत तशी संपत नाहीत. विचारलं तर म्हणतात, जास्तीची आणली होती. तू विचार एकदा. – आई)

ही बाई पुन्हा मधे घुसली. काय लिहिलं ते वाचून दाखव म्हटलं तर म्हणते, हवापाण्याचं लिहिलं. लिही गं, इथे हवा बरी आहे.

आजी

११ एप्रिल

भिंगरे,

तू चार दिवस येऊन गेलीस आणि घरात कपाट हलवल्यासारखी एक जागा मोकळी झाली. तू सारखी विचारत होतीस, त्या सकाळी बाबाला नक्की काय झालं. मी 'पडला' एवढंच म्हणत राहिले आणि शेंगा सोलत राहिले. आता तू समोर नाहीस तेव्हा सांगते. तुझ्या आईलाही नीट सांगितलेलं नाही, तीही लिहिता लिहिता ऐकेल.

त्याची उशिराची पाळी होती. तुझी आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला गेली होती. मी उठले, चहा ठेवला, कवळी अजून पाण्यातच होती. तुला माहीत आहे, कवळी नसताना मी फसफस बोलते आणि हा रोज सकाळी माझी नक्कल करतो. साठीला आलेला घोडा, पण आईच्या बोळक्या तोंडाची नक्कल केल्याशिवाय याचा दिवस उगवत नाही.

मी म्हटलं, चहा घे. तर तो तसंच काहीतरी फसफसला. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी हसले. भिंगरे, मी हसले. म्हटलं, आज चांगली जमली. त्याने पुन्हा काहीतरी म्हटलं, त्यातला एक शब्द कळेना. कप हातातून पडला. मी कपावरून बोलले त्याला. तुकडे गोळा केले, फरशी पुसली. मग म्हटलं थांब, आता दात लावते, मग कर नक्कल. दात लावले, त्याच्यासमोर बसले. तो तसाच बोलला. डोळे मात्र हसत नव्हते. तरी मी म्हटलं, पुरे झालं नाटक, कामाला उशीर होईल.

खालच्या मजल्यावरचे घड्याळजी गजराचं घड्याळ दुरुस्त करून द्यायला वर आले. त्यांनी एकदा बघितलं आणि हातातलं घड्याळ ठेवून दिलं. म्हणाले, दोन्ही हात वर करा बघू. डावा वर गेला. उजवा निम्म्यावरून ओल्या कपड्यासारखा खाली आला. मग त्यांनी गाडी बोलावली.

अर्धा तास गेला होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी अडकली, ती विरघळवायचं औषध वेळेच्या आत मिळालं हे नशीब, पण जितकं लवकर मिळतं तितका मेंदू वाचतो. तोंड वाकडं, हात पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी मिनिट घालवायचं नाही. हे आता मला पाठ आहे. माझ्यासमोर तिन्ही होती आणि मी फरशी पुसत होते.

तुझ्या आईने हे सगळं लिहिलं. मधे एकदा डोळे पुसले आणि पुढची ओळ घेतली.

आजी

१९ एप्रिल

आजी,

तुझं पत्र वाचून मी कामावरून अर्धी सुट्टी घेतली आणि नदीकाठी बसून राहिले. रोज सकाळी जो माणूस तशी नक्कल करतो त्याने त्या दिवशीही केली असंच कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. तू त्याचा दोष घेऊ नकोस. बाबा जर नीट बोलू शकले असते तर हेच म्हणाले असते, आणि वर तुझी नक्कल करून म्हणाले असते.

आपण आपल्याकडून सगळं केलं होतं, हे धरून राहायचं. मी तिथे असताना भिंतीवरची ती पानं घेऊन आले होते, ती मोठ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी लगेच प्रत काढून फाइलला लावली. म्हणाले, इतकं छान बीपी होतं, तर मग झटक्याचं कारण दुसरंच काहीतरी असेल, हृदयाच्या तपासण्या करून बघू. बीपीच्या गोळ्या होत्या तेवढ्याच राहू देत, उगाच वाढवल्या तर बीपी फार उतरेल आणि चक्कर येऊन पडतील.

आई फोनवर म्हणाली, बाबांना आता मशीन लावलं की १८० दाखवतं. घाबरू नका. झटका आला तेव्हा हॉस्पिटलातही वाढलेलंच होतं, तसं वाढतंच म्हणाले. आणि आता दाखवत असेल तर मशीन बिघडलं असणार, त्या गडबडीत आपटलं असेल. वहीत एकदाही असं आलं नव्हतं ना. मी आईला सांगितलंय, ते आकडे लिहू नकोस आणि डॉक्टरांनाही सांगू नकोस, गोंधळ होईल. आधी मशीन घड्याळजींना दाखवा. ते बारीक वस्तू बघतात, बघतील.

भिंगरी

२५ एप्रिल

भिंगरे,

अक्षर बघून दचकू नकोस. हे घड्याळजी लिहिताहेत, त्यांच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून. अक्षर मोहरीएवढं आहे असं ते स्वतःच म्हणतात. तुझ्या आईला मी सांगून आले आहे की मशीन दाखवायला जाते. खोटं नाही. मशीन दाखवलं.

घड्याळजींनी पट्टा आधी स्वतःला लावला, मग त्यांच्या बायकोला, मग दवाखान्यातल्या मशीनशी ताडून आले. म्हणाले, आजीबाई, मशीन ठणठणीत आहे. मी स्टुलावर बसून राहिले. मग म्हटलं, तुमच्याकडे कागद आहे का?

वहीतले आकडे तुझ्या बाबाचे नाहीत. माझे आहेत.

पहिल्या सकाळी दार लावून त्याने पट्टा बांधला. मशीन घरघरलं, त्याने आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, वरचा १७६, खालचा १०४. गोळ्या घेऊन सुद्धा? मी विचारलं. तर म्हणाला, घेतो कुठे. त्यातली एक लघवीची गोळी आहे, घेतली की तासातासाला जावं लागतं. क्रेनच्या केबिनमध्ये पंखा आहे, रेडिओ आहे, मोरी नाही. शंभरावर पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या, तोपर्यंत खाली बोट खोळंबलेली. म्हणून कामाच्या दिवशी घेत नव्हता. मग दुसरीही राहून जायची. कधीमधी सुट्टीला घ्यायचा.

मी काय म्हणायला हवं होतं? ऊठ, डॉक्टरला सांग, दुसरी गोळी मिळते का बघ. इतकं सोपं होतं ते. परवा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, तर म्हणाल्या, मिळते.

मी म्हटलं, आण इकडे. आणि बाही वर केली. तुला माहीतच आहे, मी दहा वर्षं गोळ्या घेते, एकही चुकवत नाही, त्यातली एक नाडी हळू करते. माझे आकडे बघून तो खो-खो हसला. म्हणाला, आई, तुलाच क्रेनवर पाठवतो. आम्हा दोघांना फार मजा वाटली. चोरून फळं पाडल्यासारखी.

आता पुढचं, ज्याच्यासाठी मी इथे आले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, आज माझंच लावू आई, काय व्हायचं ते होऊ दे. आणि मी म्हटलं, वेडा आहेस का, एक महिना काढ, मग लाव. तो नाही, मी म्हटलं. त्याने पट्टा हातात धरला होता आणि मी तो त्याच्या हातातून घेतला.

तुझ्या आजोबांना डोळे अधू झाले म्हणून छापखान्यातून काढलं आणि ते वर्षात गेले, हे माझ्या डोक्यात होतं. हे कारण खरं आहे. पण सगळं एवढंच असतं तर मी शांत झोपले असते. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. रोज दोनदा माझा मुलगा दार लावून माझ्याजवळ बसत होता. या वयात माझी कुणाला तरी गरज होती. भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या, याखेरीज माझ्या अंगातल्या कशाचा तरी उपयोग होत होता. मी सकाळी लवकर उठून बाही वर करून बसायचे. साठ वेळा.

आणि आता खरं मशीन खोटं ठरलंय आणि खोटी वही डॉक्टरच्या फाइलमध्ये आहे. तो घरात १८० घेऊन झोपतो आणि आम्ही त्याला कमी पडणाऱ्या गोळ्या देतोय. दुसरा झटका आला तर तो मीच आणलेला असेल.

तू डॉक्टरांना सांग. तुला बोलता येतं. पण तुझ्या आईला कळू देऊ नकोस. मला या घरात तिच्या हातचं जेवायचं आहे, भिंगरे. झटक्याला मी नक्कल समजले ते तिने पोटात घातलं. हे नाही घालणार.

आजी

(आजीबाईंनी अंगठा लावला आहे. मी फक्त लिहिलं, ऐकलेलं नाही. – घड्याळजी)

१ मे

आजी,

पत्र काल दुपारी मिळालं. हातात कवळीचं मेण वितळलेलं होतं, ते तसंच सांडलं.

डॉक्टरांना लगेच फोन केला. सांगितलं की फाइलमधली पानं चुकीची आहेत, १८० खरं आहे, आणि लघवीच्या गोळीचंही सांगितलं. ते म्हणाले, उद्या सकाळीच घेऊन या, घरातल्या सगळ्या गोळ्यांसकट. आईलाही मी फोन करून एवढंच सांगितलंय की वहीत चूक निघाली आहे, उद्या नक्की जा. कुणी केली ते सांगितलं नाही. डॉक्टरांनाही म्हटलं, ते घरातलं माणूस सांगेल.

मी सांगणार नाही, आजी. तुझ्यासाठी गप्पही बसणार नाही. हे तू सांगायचंस.

मी खूप चिडले आहे. काय लिहू कळत नाही. तुझा साचा फळीवरून काढून खणात ठेवला, मग खण उघडून बघितला, पुन्हा लावला.

आणि चिडायला मला तरी काय अधिकार आहे? ५८ मी बघितलं होतं. तुझ्या नाडीचा आकडा मला माहीत आहे, कवळीच्या वेळी दवाखान्यातून तुझे सगळे कागद मीच आणले होते. मला त्या दिवशी कळलं होतं, आजी. अर्धं कळलं होतं. मग मी त्याची गंमत करून पत्रात लिहिली, आणि तू चिडवलंस तेव्हा मला हायसं वाटलं. कारण आकडे खरे असले तर मला परत यावं लागणार नव्हतं. मी बाबांना विचारलं नाही. आईने लिहिलं, गोळ्या संपत नाहीत, तू विचार. तरी विचारलं नाही.

आई कालपासून मला सारखं म्हणते आहे, पानं मी उतरवली, माझ्याच हातून आकडे चुकले असणार, माझ्यामुळे त्यांना कमी गोळ्या मिळाल्या. मी ते फोनवर नुसतं ऐकून घेतलं. हे तिच्यावर एक दिवसही राहायला नको.

भिंगरी

१४ मे

भिंगरे,

तुझं पत्र तुझ्या आईनेच वाचून दाखवायला घेतलं. घरात वाचणारी तीच. मला वाटलं होतं तू घड्याळजींच्या पत्त्यावर पाठवशील. तू मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवलंस. बरोबर केलंस.

तिने पाकीट फाडलं तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, थांब, आधी मी बोलते. ती कागद हातात घेऊन उभी राहिली आणि मी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाही, पट्टा, तिसरा दिवस. माझ्याकडे शब्द कधी कमी नसतात, त्या दिवशी मोजकेच निघाले. शेवटी म्हटलं, तुझ्या हातून एकही आकडा चुकला नव्हता.

तिने पत्र वाचलं, मनातल्या मनात. मला ऐकवलं नाही. मग म्हणाली, "महिनाभर तुम्ही आत मोजत होतात तेव्हा मी बाहेर चमचा वाजू दिला नाही. नळ बारीक सोडून भांडी घासली. आकडे बरे यावेत म्हणून."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत असणार, दार लावलेलं होतं."

त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढलं, औषध दिलं, अंघोळीला पाणी काढलं. पत्र लिहायचं आहे म्हटलं तर म्हणाली, हात रिकामे नाहीत. हात रिकामे होते. आज दुपारी स्वतःच वही-पेन घेऊन आली, बसली, म्हणाली, सांगा. मी सांगते आहे, ती लिहिते आहे. मधे काही घालत नाही. घातलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुझ्या बाबाचं सांगते. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. आता तीन आहेत, आणि तुझी आई पाणी घेऊन समोर उभी राहते, गिळल्यावर तोंड उघडून दाखवावं लागतं. काल वरचा आकडा १४२ होता. आता मोजताना दार उघडं असतं आणि पट्टा त्याच्या दंडालाच असतो, हे सगळे बघतात. डॉक्टर म्हणाले, अजून उतरवायचं आहे, घाई करायची नाही, पण एकही दिवस चुकवायचा नाही. झटका एकदा आला की पुन्हा यायला वाट माहीत झालेली असते.

कंपनीला त्याने स्वतःच कळवलं. डाव्या हाताने, चार ओळी, दोन दिवस लागले. वही खोटी होती असं लिहिलं. तुझी आई म्हणाली, कशाला, आता कुठे क्रेनवर जायचंय? तर त्याने खूप वेळ शब्द जुळवले आणि म्हणाला, "खाली... माणसं." वरून पियानो उतरवताना खाली उभी असलेली माणसं, त्यांच्याबद्दल म्हणत होता. मला तोपर्यंत ती एकदाही आठवली नव्हती. मी फक्त वरच्या एकाचा विचार करत होते.

कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही. गोदामात घेतील की घरी बसवतील, माहीत नाही.

परवा मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, बाळा, तिसऱ्या दिवशी पट्टा मी घेतला तुझ्या हातातून. त्याने मान हलवली. "मी... दिला," म्हणाला. आम्ही दोघं त्यावरून भांडत बसलो, एकाला नीट बोलता येत नाही आणि दुसरीला रडू आवरत नाही. तुझी आई आली, म्हणाली, यांचं बीपी वाढेल, बाहेर व्हा. मी बाहेर झाले.

तू ५८ चं लिहिलंस ते तिने आत्ता मला वाचून दाखवलं, लिहायच्या आधी. त्यावर मी तुला काय सांगू? तू चोवीस वर्षांची आहेस आणि तुला तुझं आयुष्य हवं होतं. मी ऐंशीची आणि मला दोन वेळची सोबत हवी होती. तुझं हवंसं वाटणं माझ्यापेक्षा बरं. पण बॅगेचं म्हणशील तर भरू नकोस. रविवारी फोन कर आणि बाबाला बोलू दे, त्याला एका वाक्याला दोन मिनिटं लागतात, तेवढी दे. मधे 'हं' करू नकोस, त्याला वाटतं तुला समजलं आणि तो थांबतो.

खाण्याचं पार्सल करणार आहेस असं तुझ्या आईने सांगितलं. खारं काही नको, डबाबंद काही नको, त्यात मीठ लपलेलं असतं. तुझ्या बाबाला सुके अंजीर पाठव, मऊ बघून, देठ काढून. तो भिजवून डाव्या गालाने खाईल. माझ्यासाठी काही घालू नकोस. आणि तुझ्या आईला काय आवडतं ते मी आत्ता तिला विचारलं. सव्वीस वर्षं या घरात आहे, मी कधी विचारलं नव्हतं. ती लिहिते आहे पण सांगत नाही. तुला माहीत असेल. ते भरपूर पाठव, वेगळ्या पुड्यात बांध, आणि वर ठळक अक्षरात लिही की हे फक्त आईचं.

आजी